चढाला गाडी ओढंना

आमची गाडी चढाला ओढत नाही हे आधी मला कळलं, मालकांना नंतर. चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्यावर असतं, मागे बसलेल्या बाईला दुसरं काम काय? पाटणचा बाजार करून पिशवी मांडीवर घेऊन येत होते. आमच्या गावचा चढ लागला, मालकांनी मूठ पिळली, इंजिन केवढ्यानं तरी ओरडलं आणि गाडी आपली होती त्याच चालीनं रांगत राहिली.

“आवं, ही नुसती वरडतीया. पळंना.”

“वजन वाढलंय तुजं,” मालक म्हणाले.

मी पाठीत एक धपका घातला. हसत हसतच घरी आलो आम्ही.

मालकांची सगळी नोकरी फौजेत गाड्या दुरुस्त करण्यात गेली. पेन्शनीत आले तरी हात स्वस्थ बसेनात. गावात कुणाचीही गाडी बिघडली की आमच्या अंगणात. पण त्यांची एक रीत होती. लगेच पाना हातात घ्यायचे नाहीत. “आधी तू चालीव, मी मागं बसतो,” म्हणायचे. गाडीवाल्याच्या मागे बसून देवळापर्यंत एक फेरी मारायचे आणि उतरल्यावर दुखणं सांगायचे. निम्मी खराबी गाडीत नसती, चालवणाऱ्याच्या हातात असती, असं त्यांचं म्हणणं. सुट्टीवर आलेले फौजी पोरगे तर क्लचवर बोटं ठेवूनच गाडी पळवायचे. त्यांना मालक झापायचे, “बोटं काढ तिथनं! राखण बसवलीया व्हय रं?” क्लच पुरता सोडला तर आतल्या प्लेटा एकमेकींना घट्ट धरतात आणि इंजिनाचा जोर चाकाला जातो. अर्धवट दाबून ठेवला की त्या घसरत राहतात, झिजतात, जळतात. हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की झोपेतसुद्धा म्हणून दाखवलं असतं.

आता स्वतःचीच गाडी घसरायला लागली म्हटल्यावर मालक हट्टाला पेटले. आधी केबल बघितली, सैल केली. मग दुकानदारानं चारचाकीचं ऑइल दिलं असेल, त्यानं प्लेटा घसरतात, म्हणून सगळं ऑइल बदललं. तरी तेच. शेवटी इंजिनाचं झाकण काढून प्लेटा ओट्यावर पेपर टाकून मांडल्या. जळका वास घरभर. लोखंडी प्लेटा तापून निळ्या पडलेल्या. नव्या आणून टाकल्या, गाडी झकास पळाली, आणि थोड्याच दिवसांत परत चढावर ओरडायला लागली. मग मालक कराडला जाऊन दुकानदाराशी भांडून आले. माल डुप्लिकेट दिला म्हणे. बिचाऱ्यानं मुकाट्यानं दुसऱ्या दिल्या. त्याही जळाल्या.

त्या दिवसांत मी मागे बसून बघत होते. रस्ता सरळ, समोर कुत्रंसुद्धा नाही, तरी मालकांची डावी बोटं क्लचवर. एकदा नाही, रोज.

“तुमचीच बोटं हायत की वर,” मी म्हणाले.

“आता तू शिकीव मला!” असे खेकसले की मागचा ट्रॅक्टरवाला बघायला लागला. मीही काही कमी नाही. घरी आल्यावर ताट आदळलं आणि रात्रीपर्यंत तोंड उघडलं नाही. ज्या माणसानं सगळ्या गावाच्या पोरांची बोटं क्लचवरून काढली, तो स्वतः ठेवेल? मला वाटलं, माझंच काही चुकलं असेल.

पण मग बाकीचं दिसायला लागलं. सदऱ्याची गुंडी लावताना वेळ लागायचा. कपबशी नको, ग्लासातनं चहा दे म्हणायचे. डाव्या हातात धरलेली पिशवी खाली ठेवली तरी मूठ वळलेलीच. वय झालं, दुसरं काय, असं मी मनाला सांगत होते.

मग दिवाळीला माझा धाकटा दीर आला. तोवर मालकांनी तिसऱ्यांदा नव्या प्लेटा टाकल्या होत्या, तरी चढावर रड तीच. म्हशीची पेंड आणायची होती म्हणून आमचीच गाडी घेऊन आम्ही दोघं पाटणला गेलो. परतताना पेंडीचं पोतं पुढे टाकीवर, मी मागे. चढ लागला. मी डोळे मिटून घेतले. गाडी कुठं अडली नाही, ओरडली नाही, सरळ वर येऊन थांबली.

“वहिनी, क्लच तर टकाटक हाय की! दादा उगंच कुरकुरतोय,” दीर म्हणाला.

“व्हय,” म्हटलं. गाडी बरी निघाली म्हणून रडू यायची पाळी माझ्यावरच आली असेल. वाटेत लागलेल्या प्रत्येक देवाला मी हात जोडत आले, की बाबा, खराब असू दे, गाडीच खराब असू दे.

सांगायचं जिवावर आलं होतं. पण न सांगून कसं चालणार? मालक सगळ्यांच्या मागे बसले होते, स्वतःच्या मागे कसे बसणार होते? तिथे मीच होते. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात गाडी स्टँडवर होती. मी म्हणाले, “बसा वर. आज मी बगते.” काय मनात आलं कुणास ठाऊक, चिडले नाहीत, बसले. मी त्यांच्या डाव्या हातावर हात ठेवला.

“दाबा क्लच. आता सोडा.”

“सोडला.”

“न्हाई सोडला.”

“सोडलाय की गं!”

मी त्यांना मान खाली घालून बघायला लावलं. दांडी निम्म्यावरच होती आणि बोटं तिला धरून. मग उजव्या हातानं त्यांनी ती बोटं एकेक करून उलगडली, झोपलेल्या तान्ह्या पोराची मूठ उलगडावी तशी.

“मला सोडल्यागत वाटतंय गं,” म्हणाले. आवाजात राग नव्हता. त्या बिनरागाच्या आवाजाची मला जास्त भीती वाटली.

आधी कराड, मग मिरज. नसांचा आजार निघाला, नाव लांबलचक इंग्रजी. आता हात, पुढे पाय, मग बोलणं, मग गिळणं, असं डॉक्टरांनी हळूहळू सांगितलं. औषध आहे, पण त्यानं बरं होत नाही. मालकांनी एकच विचारलं, “गाडी चालवाय येईल का?” डॉक्टर कागद चाळत राहिले.

घरी आल्यावर चावी माझ्या पुढ्यात टाकली. “उद्यापासनं तू.”

“मी? ह्या वयात? लोक हसतील.”

“हसू दे.”

लोक हसलेच. शाळेच्या मैदानात मी पदर खोचून गाडीवर आणि मालक खुर्ची टाकून कडेला, बसल्या बसल्या ओरडायचे. मी दोनदा पडले, गाडीला आणि मालकांना दोघांना शिव्या घातल्या. क्लच कसा सोडायचा हे आधी ते उजव्या हातानं हवेत करून दाखवायचे. पुढं तोही हात उचलेना, मग नुसतं तोंडानं. पुढं तोंडात खडे ठेवून बोलावं तसे शब्द यायला लागले. मी त्यांचं बोलणं बंद पडायच्या आधी शिकायचं म्हणून जीव तोडून शिकत होते. कसली शर्यत ती मेली!

पाटणच्या दवाखान्यात न्यायची वेळ आली तोवर मालकांना मला धरून बसणं जमेना. माझं जुनं नऊवारी लुगडं त्यांच्या पाठीमागून घेऊन माझ्या पोटावर गाठ मारली. नवऱ्याला पाठीशी बांधून बाई निघालेली बघून चावडीवरची माणसं माना वळवून बघायला लागली. मला लाज वाटली नाही. वाईट वाटलं, फार वाटलं.

परत येताना चढाच्या मधोमध गाडी बंद पडली. गिअर कमी करायचा मी विसरले होते. खाली उतार, मागे मालकांचं सगळं वजन माझ्या पाठीवर. ब्रेक सोडला तर दोघं मागं जाणार. मी मोठ्यानं रडायला लागले. “मला न्हाई जमत हो, मला न्हाई जमत,” असं म्हणत होते.

माझ्या खांद्यावर त्यांची हनुवटी होती. त्यांनी काहीतरी म्हटलं. कळलं नाही. पुन्हा म्हटलं.

“पयला टाक.”

मी क्लच दाबून पहिला गिअर टाकला, बटणानं इंजिन चालू केलं. क्लच हळूहळू सोडला. गाडी हलली आणि आम्ही वर आलो.

त्यानंतर मालक जे काही बोलले ते मला कळलं नाही. गेले त्या दिवशीही काहीतरी सांगत होते. मी कान त्यांच्या ओठांना लावला होता, तरी नाही कळलं.