चार गाठींची तार

सई आणि नील,

परवा व्हिडिओवर सई तक्रार करत होती की तिच्या शाळेचा फुटबॉल संघ पुन्हा हरला. पुढच्या मुली समोरच्यांवर जोरात तुटून पडतात, पण मागे सगळं मोकळं राहतं. मी चहा ढवळता ढवळता म्हणाले, "मग मागच्या मुलींनी त्यांच्या पाठोपाठ वर यायला नको का? मधे एवढं अंगण सोडलं तर दुसरं काय होणार?" त्यावर तुम्ही दोघं स्क्रीनच्या इतके जवळ आलात की मला फक्त दोन नाकं दिसली. मग नील म्हणाला, "आजी, हे तुला कोणी शिकवलं?" याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नाही. शिकवणारा माणूस यंदा गेला, आणि त्याच्याविषयी सांगू शकू अशा आम्ही आता फार उरलो नाही. म्हणून नीट बसून लिहिते आहे.

आपल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे कामठीचे काका हे सबंध भारतातले एकमेव फुटबॉलवेडे असतील, ज्यांना गोल मुळीच आवडत नसे. गोल म्हणजे कोणाची तरी चूक, आणि दुसऱ्याच्या चुकीवर टाळ्या वाजवणं त्यांना असभ्यपणाचं वाटे. त्यांना आवडायचा तो बचाव. नागपूरजवळच्या कामठीत त्यांचा जन्म झाला. तिथे म्हणे मूल आधी चेंडूला लाथ मारतं आणि मग चालायला शिकतं. तिथल्या एका संघात ते तरुणपणी मागच्या फळीत खेळायचे, एक मोठी फायनल हरले होते आणि ती कशी हरले हे कधीच सांगत नसत. पुढे टेलिफोन खात्यात नोकरी लागली आणि बदली होऊन ते पुण्यात आले. आले त्या दिवशी काकूंना घेऊन ओळख करून द्यायला आमच्या दाराशी उभे राहिले. मी शनिवार पेठेत वाढलेली. साखळी न काढता चार बोटं दार उघडलं आणि फटीतूनच विचारलं, "काय काम आहे?" कामठीत म्हणे अशा वेळी आधी पाणी आणि मग चहा येतो. दुसरा कोणी असता तर जन्मभर बोलला नसता. हे गृहस्थ त्या साखळीकडे बघत राहिले आणि बायकोला म्हणाले, "पाहिलं का? वा! अशी बचावफळी आमच्याजवळ असती तर आम्ही फायनल हरलो नसतो बाप्पा." मला त्यातला शब्दही कळला नाही, पण साखळी मात्र निघाली. त्या दिवसापासून मी त्यांची वहिनी झाले आणि ते माझे भाऊजी.

त्याच सुमारास घरोघरी केबल आली आणि परदेशातले सामने दिसू लागले. भाऊजी सामना बघायला बसले की चेंडू असेल तेवढा पडद्याचा भाग हाताने झाकायचे. "चेंडू कुठं आहे ते कोणीही पाहील. ज्यांच्यापाशी चेंडू नाही ते काय करून राहिले, ते पाहा." त्यांचा हात टीव्हीभर फिरायचा आणि तुमचे आजोबा वैतागून म्हणायचे, "अहो, मधमाश्या हाकलताय की सामना बघताय?" लग्नकार्यातही तीच नजर. पंगती जाऊन बुफे आले तेव्हा त्यांना मनापासून दुःख झालं. पंगत ही त्यांच्या मते उत्तम रचना होती. सगळे एका रेषेत, प्रत्येकाला आपली जागा ठाऊक. बुफेत मात्र सगळेच चेंडूमागे. एका लग्नात हातात रिकामी बशी घेऊन ते बराच वेळ नुसते उभे होते. मी विचारलं तर म्हणाले, "पाहा, सारा संघ पनीरवर. जिलबीवर एकही माणूस नाही." आणि चालत, अजिबात घाई न करता, जाऊन आम्हा सगळ्यांसाठी जिलब्या घेऊन आले.

सई, तुझ्या प्रशिक्षकबाई ज्याला प्रेसिंग म्हणतात त्याला ते दबाव म्हणत, आणि तो आम्हाला त्यांनी भाजीवाल्याच्या गाडीवर शिकवला. आम्ही म्हणजे मी, तळमजल्यावरच्या बँकेतल्या मंदाताई, समोरच्या दारातली गणिताची शिक्षिका शैलजा आणि काकू. "एकट्या वहिनीनं भाव पाडून मागितला तर भाजीवाला हसतो. कारण त्याला तीन वाटा मोकळ्या. एकीनं भाव विचारायचा, दुसरीनं त्याच वेळी शेंगा मोडून पाहायच्या, तिसरीनं पलीकडच्या गाडीकडं नुसतं पाहायचं. एकदम! एकीमागून एक नाही." मी, मंदाताई आणि शैलजा, आम्ही तिघींनी तसं केलं. भाजीवाला आम्हा तिघींकडे आणि मागे हात बांधून उभ्या असलेल्या भाऊजींकडे बघून म्हणाला, "काका, भाजी घ्यायला आलाय का धाड टाकायला?" पण कोथिंबिरीची जुडी वर मिळाली. दबाव केव्हा टाकायचा यालाही त्यांचा नियम होता. समोरचा पाठमोरा असताना, किंवा त्याच्या पायातून चेंडू उसळला की, किंवा तो कडेच्या रेषेला लागला असताना. पाण्याच्या मोटारीच्या दुरुस्तीची बाब त्यांनी सोसायटीच्या सेक्रेटरींपुढे सभेत कधीच काढली नाही. सेक्रेटरी दोन्ही हातांत सामान घेऊन जिन्याच्या वळणावर भिंतीला टेकले, की हे वरून उतरायचे आणि शैलजाला खालून चढायला सांगायचे. सेक्रेटरी अस्सल पुणेकर. ते म्हणाले, "माझ्या हातात दुधाच्या पिशव्या आहेत, चेंडू नाही. आणि पुढच्या वेळी गोलकीपरही आणा." मोटार मात्र आठवड्यात दुरुस्त झाली.

आता तारेकडे येते. आपल्या भिंतीपलीकडे तेव्हा नवी सोसायटी झाली होती. तिथे संगणक कंपन्यांतल्या तरुण मुली राहायच्या, देशाच्या साऱ्या प्रांतांतल्या, सकाळी बूट घालून पळणाऱ्या. आमचा सव्वीस जानेवारी तोवर लिंबू-चमचा आणि संगीत खुर्चीवर भागत असे. एका वर्षी त्यांच्याकडून निरोप आला, लेडीज फुटबॉल खेळाल का? आम्ही नको म्हणणार, तोवर भाऊजी हो म्हणून आले होते. पहिल्या वर्षी आमचं काय झालं ते लिहीत नाही. चेंडू जाईल तिकडे आम्ही सगळ्या जणी पदर खोचून धावलो, एवढंच सांगते. दुसऱ्या दिवशी भाऊजींनी गच्चीवरची कपडे वाळत घालायची तार सोडून भिंतीलगतच्या मोकळ्या मैदानात आणली. टेलिफोनच्या खांबावरून घरात येते ती काळी जोडतार, खात्यातून भंगारात निघालेली, त्यांनी रीतसर पैसे भरून पावतीसकट घेतलेली. त्या काळी पुण्यातल्या कितीतरी गच्च्यांवर अशाच तारेवर कपडे वाळत. तिला त्यांनी चार गाठी मारल्या आणि प्रत्येक गाठीला आमच्या आमच्या जुन्या साडीची चिंधी बांधायला लावली. माझी निळ्या इरकलीची. "आपापली गाठ धरायची. तार ताणली जाता कामा नये, लोंबताही कामा नये." चेंडू डावीकडे गेला की चौघींनी डावीकडे सरकायचं, पुढे खेळणाऱ्या आपल्या इमारतीतल्या मुली दबाव टाकायला धावल्या की चौघींनी मिळून वर यायचं. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, प्रश्न विचारायची सवय. म्हटलं, "भाऊजी, सगळ्या डावीकडे गेलो तर उजवीकडची बाजू उघडी राहील."

"राहू द्या. दूरची बाजू उघडीच ठेवायची असते. तिथवर चेंडू जाईतो आपणही पोचतो. सगळीकडं पुरे पडायला जाल तर कुठंच पुरणार नाही."

मंदाताई पुटपुटल्या, "इथं गुडघे पुरत नाहीत, ह्यांना बाजू पुरवायच्या आहेत." काकू आपली गाठ धरून शांतपणे म्हणाल्या, "माझ्या घरात तर ताटंवाट्याही रेषेत उभ्या असतात जी. तुम्हाला सकाळचा एक तासच आहे."

हळूहळू आम्ही शिकलो. पण तेव्हा पुण्यातली आमच्या वयाची कुठलीही फळी फार काळ अखंड राहत नसे. मुलं संगणकाच्या नोकऱ्यांवर अमेरिकेला गेलेली आणि बाळंतपणाला आई हवी. एका वर्षी ऐन डिसेंबरात शैलजा न्यू जर्सीला गेली. पुढच्या वर्षी मंदाताई सिअॅटलला. भाऊजी विमानतळाच्या गाडीपर्यंत सामान उचलून द्यायचे आणि वर तोंड करून म्हणायचे, "काहून हो, सगळ्यांची नातवंडं जानेवारीतच काहून जन्मून राहिली? जूनमध्ये का होत नाहीत?" तिसऱ्या वर्षी एकदाच्या आम्ही चौघी पुण्यात होतो. दिवाळीनंतरच्या एका सकाळी तार न ताणता, न लोंबता आम्ही एका दमात वर आलो आणि समोरच्या मुलीला चेंडू द्यायला जागाच सापडली नाही. भाऊजी चष्मा काढून पुसत राहिले.

त्याच आठवड्यात तुमच्या आईचा अमेरिकेहून फोन आला. तिला दिवस गेल्याचं आम्हाला माहीत होतं, तिच्या सासूबाई तिकडे जाणार हेही ठरलेलं होतं. पण त्या पाय मोडून घरी बसल्या होत्या. तारीख जानेवारीची. आणि आजोबांची बायपास होऊन वर्षही झालं नव्हतं. डॉक्टरांनी त्यांना लांबचा प्रवास नको म्हणून सांगितलेलं. लेकीला पहिल्या बाळंतपणात एकटी ठेवू, की ह्यांना इथे? दोन दिवस मला जेवण गेलं नाही. आजोबा म्हणत, "मला काय धाड भरली आहे? तू जा." आणि रात्री गोळी कुठली घ्यायची ते मलाच विचारत. शेवटी मी तिसऱ्या मजल्यावर गेले. आधीच्या दोघींना त्यांनी ऐकवलं होतं ते ऐकून घ्यायची तयारी करूनच गेले.

त्यांनी सगळं ऐकलं. बुद्धाच्या तसबिरीखाली त्यांच्या जुन्या संघाचा फोटो होता, त्याच्याकडे बघत म्हणाले, "वहिनी, त्या फायनलमध्ये मी एकटाच वर गेलो होतो. चेंडू घ्यायला. जायलाच पाहिजे होतं, ती चूक नव्हती. पण माझ्यामागं कोणी सरकलं नाही. सरकायचं असतं हे आम्हाला कोणी शिकवलंच नव्हतं." मग काकूंकडे वळून म्हणाले, "हिला तर शिकवलं आहे नं? तुम्ही जा. आम्ही सरकतो."

आणि सरकले. मंदाताई सकाळी आजोबांच्या गोळ्या बघत, शैलजा दुपारचा डबा देई, रात्री ते तिसऱ्या मजल्यावर जेवत. सरावाच्या वेळी माझी गाठ रिकामी राहू नये म्हणून भाऊजी आजोबांनाच मैदानात उभे करत. ज्या माणसाने आयुष्यात स्वतःचा टॉवेल वाळत घातला नाही, तो महिनाभर माझ्या इरकलीची चिंधी धरून डावीकडे-उजवीकडे सरकत होता. डॉक्टरांनी चालायला सांगितलंच होतं.

सई, तू झालीस आणि आठवड्याने इकडे सव्वीस जानेवारी उजाडला. तिकडे आदल्या दिवशीची संध्याकाळ होती. तू माझ्या मांडीवर होतीस. फोन वाजला, तुझ्या बाबांनी घेतला आणि गोंधळून माझ्याकडे दिला. "आई, राँग नंबर दिसतोय. कोणीतरी नुसतं शून्य, शून्य म्हणतंय."

"शून्य-शून्य, वहिनी! शून्य-शून्य!" सामना बरोबरीत सुटला होता. एकही गोल नाही. जन्मभर त्यांना हवा होता तसा सामना. मागे मंदाताईंचा आवाज येत होता, "गुडघ्यांचं पण सांगा त्यांना!" मी म्हटलं, "आणि भाऊजी, माझी जागा?"

"तुमची जागा? कुठं होती जी? त्या पोरी शोधून शोधून थकल्या, सापडलीच नाही."

मी खूप हसले. आणि खरं सांगते, फोन ठेवल्यावर थोडं लागलंही. इतक्या दूरवरून मला ते मैदान दिसत होतं, तिघी जणी दिसत होत्या, आणि त्यांच्यामधे कुठेही फट नव्हती.

मी परतले तेव्हा पुण्याचा उन्हाळा संपत आला होता. पुढच्या वर्षी त्या मैदानावर इमारतीचा पाया खणला गेला. पलीकडच्या मुली कोणी बंगळूरला, कोणी तुमच्या बाजूला गेल्या. मग शैलजा मुलीकडे कायमची गेली, काकू गेल्या, आजोबा गेले. भाऊजींना त्यांच्या मुलाने वाघोलीला नेलं, नोकरीला जवळ पडेल अशा नव्या, उंच इमारतीत. मंदाताई आणि मी एकदा त्यांना भेटायला गेलो. ते बाराव्या मजल्याच्या बाल्कनीत बसले होते. खाली मुलं खेळत होती आणि सगळी एका चेंडूमागे धावत होती. भाऊजींनी सवयीने हात पुढे करून चेंडू झाकला, मग हात खाली घेतला.

"इथं दार कोणीच वाजवत नाही वहिनी," ते म्हणाले. "साखळी लावायचीही गरज पडत नाही." मग म्हणाले, "तार आहे नं?"

"आहे. कपडे वाळतात."

"गाठी सोडल्या नाहीत नं?"

"नाही."

"नका सोडू." मग निघताना लिफ्टपर्यंत आले, आणि दार बंद होता होता मंदाताईंना म्हणाले, "तुम्ही दोघी लई दूर दूर उभ्या राहून राहिल्या. जवळ या." आम्ही लिफ्टमध्येच एकमेकींकडे सरकलो.

ते गेल्याचं मुलाने फोन करून कळवलं. घरात आता तो जुना टेलिफोन नाही, मोबाइलवरच कळलं. त्या दिवशी गच्चीत गेले तर मंदाताई आधीच तिथे उभ्या होत्या, आपल्या गाठीपाशी.

तुमची बाजू दूरची आहे. ती मी झाकू शकत नाही, हे मला त्यांनीच शिकवलं आहे. मैदान नाही, संघ नाही, सव्वीस जानेवारीला आता नुसतं झेंडावंदन असतं. तार आहे. तिच्या चारही गाठी आहेत, तीन चिंध्या विटल्या आहेत आणि एक गळून पडली आहे. मंदाताई आणि मी रोज सकाळी आपापल्या गाठीपासून कपडे वाळत घालायला सुरुवात करतो.