आशाचा फ्रॉक आखूड झाला

पंचवटीतल्या एका बोळात लताबाई शाळेचे गणवेश शिवायची. नवऱ्यानं टाकलेली, मूलबाळ नाही. दिवसभर मशीन खडखडत असायचं. मालेगावला यंत्रमागावर असलेला मेहुणा वारला, पाठोपाठ बहीण गेली आणि सहा वर्षांची आशा मावशीकडे आली. तपासणीत कळलं, आईबापांचा एचआयव्ही पोरीलाही झालाय.

"काढेल दोनतीन वर्षं," दवाखान्यात कुणीतरी हळूच बोललं. लताबाईनं ते ऐकलं. "चल गं," म्हणत तिनं आशाला कडेवर घेतलं आणि थेट शाळेत नेऊन पहिलीत नाव घातलं.

पोरगी जगली, पण वाढेना. कधी खोकला, कधी जुलाब. अंगावर मांस म्हणून धरेना. तिसरीत शिवलेल्या फ्रॉकचं माप पाचवीतही तेच. बरोबरच्या मुली हातभर उंच झाल्या, ही आपली ओळीत सगळ्यात पुढं. लताबाईनं तिला टेप लावायचंच सोडून दिलं. जुना फ्रॉक कापडावर पसरायचा, कडेनं खडू फिरवायचा, झालं.

पाचवीच्या दिवाळीनंतर आशाला सरकारी दवाखान्यातून या आजाराच्या गोळ्या सुरू झाल्या. पहिल्या पहिल्यांदा खाल्लेलं सगळं उलटायचं. "मला नको त्या गोळ्या!" म्हणून ती तोंड घट्ट मिटून बसायची. लताबाई गुळाचा खडा दाखवायची, चुचकारायची, कधी डोळे वटारायची. पण एक गोळी चुकू दिली नाही. हळूहळू उलट्या थांबल्या. उन्हाळ्यात पोरगी ढगळ गाउन घालून बोळभर हुंदडू लागली, भाकरी मागून खाऊ लागली.

जून उजाडला. नवा गणवेश शिवून, धुऊन, इस्त्री करून तयार. शाळेच्या पहिल्या दिवशी आशानं तो चढवला आणि ती ओरडली, "मावशी, बटण लागत नाही!"

पाठ ताणली गेलेली, बाह्या दंडात रुतलेल्या, गुडघे उघडे. लताबाईचं डोकंच फिरलं. "एका धुण्यात आटलं! असलं कापड गळ्यात मारतो काय तो सहादू!" आशाला तिनं परत गाउन चढवला, नवा-जुना दोन्ही फ्रॉक पिशवीत कोंबले आणि ती तणतणत भद्रकालीत सहादूशेठच्या दुकानात शिरली.

"शेठ, हे काय कापड म्हणायचं का पापड?"

सहादूशेठनं शांतपणे दोन्ही फ्रॉक काउंटरवर एकावर एक पसरले. खांद्याला खांदा, घेराला घेर. कुठं सुतभरही फरक नाही.

"लताबाई, कापड आटलेलं नाही. जुन्याबरहुकूम आहे."

"मग अंगात का जात नाही?"

"आता ते मी कसं सांगू? पोरगी वाढली असेल!"

लताबाई एकदम हसायला लागली, हसता हसता डोळे भरून आले. "वाढली? शेठ, माझी आशा वाढली!" दुकानातली गिऱ्हाइकं बघत राहिली. फ्रॉक तिथंच टाकून ती निघाली ती जवळजवळ पळतच.

घरी पोचताच तिनं पोरीला दारात उभं केलं आणि खांद्यापासून टेप सोडला. मग छाती, मग बाही, मग पुन्हा खांदा. स्वतःच्या डोळ्यांवर तिचा विश्वास बसेना.

"मावशी, गुदगुल्या होतात! किती वेळा मोजशील?"

"गप उभी राहा. मला मोजू दे."

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी वजन बघितलं आणि त्या म्हणाल्या, "आता गोळ्यांचा डोस वाढवावा लागेल." लताबाई चरकली, तशा बाई हसून म्हणाल्या, "अहो, वजन वाढलं म्हणून! चांगली बातमी आहे."

दवाखान्याच्या बाकावर लताबाईनं ही फ्रॉकची गोष्ट शेजारच्या बायांना सांगितली. दिंडोरीची चंद्रभागा पुढच्या खेपेला लेकाची घट्ट झालेली चड्डी घेऊन आली. "ताई, एवढी उसवून मोठी करता का?" मग आणखी दोघी आल्या. सगळ्यांच्याच नशिबी ते नव्हतं. इगतपुरीच्या एका पोराला गोळ्या फार उशिरा मिळाल्या, त्याची आई पुन्हा दिसली नाही. ते कळलं त्या दिवशी लताबाई मशीनवर बसलीच नाही.

आशा नववीत गेली तेव्हा मावशीपेक्षा बोटभर उंच होती. पंजाबी ड्रेसच्या बाह्यांवरून दोघींचं कडाक्याचं भांडण झालं. आशाला हव्या होत्या आखूड.