अर्धवट कामाची जागा

माने सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी सांगलीत घरी कामाला बसले होते आणि त्यांच्याच मेसेजची वाट बघत होते. ते साताऱ्याला, मी सांगलीला. दिवसाचं काम आम्ही बोलूनच सुरू करायचो. त्या दिवशी ऑफिसातून फोन आला. आंघोळीला जाता जाता ते घरीच कोसळले... दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

आमची कंपनी साताऱ्यातली, छोटी. साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांचं सॉफ्टवेअर आम्ही करतो. उसाच्या गाडीचं वजन कसं धरायचं ते त्या कोडमध्ये असतं, त्यामुळे गुप्तता कडक. पेन ड्राइव्ह नाही, स्वतःच्या मेलवर काही पाठवायचं नाही, स्क्रीनचा फोटोसुद्धा नाही. माणूस गेला की लॅपटॉप जमा होतो आणि कोरा केला जातो. नियम करणाऱ्याच्या डोक्यात नोकरी सोडून जाणारा माणूस असणार. सरांचा लॅपटॉप दहाव्याच्या आधीच नेला, याचा मला अजून राग आहे.

गाळप हंगाम तोंडावर आला होता. रिकाम्या ट्रॉलीचं वजन चुकत होतं आणि त्यामागचं कारण सर कितीतरी दिवस शोधत होते. ते सगळं लॅपटॉपबरोबर पुसलं गेलं असतं तर हंगामाआधी काटा दुरुस्त होणं अशक्य होतं.

आमच्या धंद्यात कच्चं काम कुणी दाखवत नाही. पुरं होईपर्यंत ते आपल्याच लॅपटॉपवर ठेवायचं, चारचौघांत हसं नको म्हणून. सरांचं उलटं. संध्याकाळी उठायच्या आधी, चालो न चालो, दिवसभराचा कोड ते कंपनीच्या सर्व्हरवर ठेवायचे. स्वतःच्या ब्रँचवर, म्हणजे मुख्य कोडला धक्का न लावता बाजूला. कारखान्याचा एखादा पासवर्ड त्यात राहिला नाही ना, हे आधी ओळ न् ओळ बघायचे. मग काय बिघडलंय ते वर साध्या मराठीत लिहायचे. ‘सरांनी कच्ची भाकरी वाढली’ अशी आम्ही चेष्टा करायचो. एकदा तर बैठकीत कंपनीचे साहेबच म्हणाले, की न चालणारा कोड असा सगळ्यांपुढं ठेवणं शोभत नाही.

“साहेब, अर्धं हाय म्हणून तर ठेवतोय,” सर म्हणाले. “पुरं झालेलं कशाला हरवतंय?”

साहेबांना ते पटलं नाही. सरांनीही सवय सोडली नाही. हट्टी होते, आणि हट्ट करताना आवाज मात्र चढवायचे नाहीत.

साताऱ्याला अंत्यविधीला जाऊन परतले आणि सर्व्हर उघडला. सर गेले त्याच्या आदल्या संध्याकाळचं काम तिथं होतं. वर लिहिलेलं: ‘वजन अजून चुकतंय. कारण सापडलंय, खाली लिहिलंय. उद्या करतो.’ ते ‘उद्या करतो’ वाचून मी खूप रडले. मग कामाला लागले. बिघाडाचं कारण त्यांनी शोधलंच होतं, मी फक्त पुढच्या ओळी लिहिल्या. हंगाम सुरू व्हायच्या आत काटा बरोबर वजन दाखवू लागला.

त्यानंतर काकूंना, म्हणजे सरांच्या बायकोला, भेटायला गेले. घरातलं सरांचं टेबल तसंच आहे. लॅपटॉपची जागा रिकामी. काकू तिथं काही ठेवत नाहीत. शेवटी शेवटी ते कशात एवढे गुंतले होते, असं त्यांनी विचारलं. वजनकाट्याचं काम होतं, याहून जास्त मला सांगता येईना. ज्या कामात त्यांचा शेवटचा दिवस गेला, त्यातली एक ओळही त्यांच्या बायकोला दाखवायची मुभा नाही... मला फार लागलं ते. मी तसं बोलूनही दाखवलं.

“नको दाखवूस,” काकू म्हणाल्या. “त्यांनी तरी कवा दाखवलं? मी चहा घेऊन आले की लॅपटॉप मिटायचे. लय राग यायचा मला.” मग त्यांनी विचारलं, “पुरं झालं का पण ते?”

“झालं.”

“मग सांग की तसं त्यांना.”

काकू टेबलाकडं बघत होत्या. मीही तिकडं वळले आणि म्हणाले, “सर, काटा बरोबर आला.”