सोनीचं वळण

मंडळी, दुपारपासून जिवाला चैन नाही. आज मांडवगणला तालुक्याच्या खो-खो संघाची निवड होती. सरांनी मुलींना सरळ रेषेत पळवलं. माझी नात सोनी शेवटी आली आणि बाद झाली.

मी म्हणालो, "सर, खांबापाशी हिचा चकवा तरी बघा!"

"आबा, चकवा मी शिकवीन. पायात वेग मात्र जन्माचाच लागतो."

सोनी फणकारली, "सर, खो-खोत सरळ कवा पळत्यात?"

सर हसले, पण नाव घेतलं नाही.

आता अंगणात दोन चुलतभाऊ तिच्यामागे लागलेत. कवितेत यमक आपसूक यावं, तशी ती वळते आणि दोघंही मातीत लोळतात.

खेळलेल्यांनो, खरं सांगा, असं वळण कुणाला शिकवता येतं?