न फवारलेल्या दोन ओळी

माझी सगळी नोकरी एकाच प्रश्नाभोवती फिरत आली आहे: औषधाला सरावलेली बुरशी, औषध बंद केलं की दुबळी होऊन मागे पडते का? प्रयोगशाळेत मी द्राक्षाच्या पानांचे तुकडे काचेच्या बशीत औषधाच्या पाण्यावर ठेवते आणि त्यांच्यावर डावणी रोगाची बुरशी सोडते. बहुतेक मरते. जी तगते तिचीच पिलावळ वाढते, आणि काही पिढ्यांत ते औषध तिला साध्या पाण्यासारखं होतं. बशीत हे बघायला मजा येते. हेच बागेत झालं, तर मात्र वर्षाचं पीक हातचं जातं.

त्या वर्षी मला बशीबाहेरचं उत्तर हवं होतं. त्यासाठी न फवारलेल्या वेली लागतात, आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर फवारू नका म्हणणाऱ्याला आमच्या जिल्ह्यात लोक वेड्यात काढतात. शेवटी चांदवडजवळच्या दाजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं, रस्त्याकडच्या दोन ओळी दिल्या.

"तुम्ही म्हणताय म्हणून," ते म्हणाले. "पण बाकीच्या बागेला काय झालं, तर तुमची ताई तुम्हाला परत जेवायला वाढायची नाय."

थट्टाच ती, पण मी मनाला लावून घेतली. छाटणी झाली, कोवळी पानं फुटली आणि आभाळ भरून आलं ते हटेना. सातपूरच्या घरात उठल्या उठल्या मी खिडकी उघडून हवेतला ओलावा हुंगायची. माझ्या दोन ओळींतून रोग सगळ्या बागेत शिरला तर? दाजींना फोन लावायची, आणि भलतंच काहीतरी विचारून ठेवून द्यायची. 'त्या ओळी फवारून टाका' हे शब्द ओठांवर यायचे, पण प्रयोगाच्या मोहानं मी ते गिळायची. भित्रं आणि हावरट एकाच वेळी असणं फार दमवतं.

मग ताईचा फोन आला. भाचीला बघायला पाहुणे येणार होते आणि तिला मीही हवी होते. तिकडे पाहुणे पोह्यांच्या आधी बागेत एक चक्कर मारतात. मुलगी नंतर, वेली आधी.

त्या दिवशी सकाळीच पोहोचले ती थेट माझ्या ओळींत शिरले. पानं हिरवीगार. असल्या हवेत एकही डाग नाही! बुरशी खरंच मागे पडली, जन्माचं सार्थक झालं असं वाटलं. मग पानांवरचे निळसर ठिपके दिसले. मोरचूद आणि चुना, बुरशीवरचं जुनं औषध.

ताई मागेच उभी होती. "मीच मारलं," ती म्हणाली. "पहिलं पान फुटल्यापासून मारतेय. हे मार्केटला गेले, की मी पाठीवरचा पंप घ्यायचे. रस्त्याकडच्या ओळी पांढऱ्या पडल्या असत्या तर पाहुणे काय म्हणले असते? ज्यांना बाग सांभाळता येत नाय, त्यांची पोर करायची?"

"अगं, पण माझा प्रयोग!"

"तो पुढच्या वर्षी कर की."

मी चिडले, खूप चिडले. पण खरं सांगायचं तर हायसंही वाटलं. माझ्या ओळींत रोगच नव्हता, म्हणजे तिथून तो कुठे जाणारही नव्हता. त्या हलक्या मनानं मी आतल्या ओळींकडे वळले. तिथे दाजी मी सुचवलेलं नवं औषध वेळच्या वेळी मारत होते.

सहज एक पान उलटलं. खाली पांढरी लव. शेजारच्या वेलीचं उलटलं, तिथेही. पुढच्या ओळीत, तिच्या पुढच्या ओळीत. वरून पानं हिरवीच होती, फक्त तेलाचं बोट लागल्यासारखे फिकट डाग. माझ्या बशीत जे घडायचं ते इथे घडून गेलं होतं. औषध पाणी झालं होतं, आणि घड अजून फुलोऱ्यात होते; या दिवसांत रोग घडांवर उतरला की पीक जातं. एक पान तोडून मी हातात धरलं.

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली.

"या, आधी बाग बघा," दाजी पाहुण्यांना घेऊन आत येत म्हणाले. "आमची मेव्हणी शास्त्रज्ञ हाय. सगळं तिच्या सल्ल्यानं चालतं."

"मग मॅडम, कशी हाय बाग?" मुलाच्या वडिलांनी कौतुकानं विचारलं.

"रस्त्याकडच्या दोन ओळी फार छान आहेत," मी म्हणाले.

मी माझ्याच प्रयोगाची फुशारकी मारतेय असं वाटून दाजी मोठ्यानं हसले. पाहुणेही हसले. उरलेल्या बागेबद्दल मी काहीच बोलले नव्हते, हे फक्त ताईच्या लक्षात आलं. तिनं पदर सावरला आणि माझ्या हातातल्या पानाकडे बघत राहिली.