समोरचे काका आणि परतीची वाट

कुठूनही वेळेवर कसं निघावं, हे आमच्या समोरच्या घरातल्या काकांइतकं नाहूरमध्येच काय, अख्ख्या मुंबईत कुणाला कळत नाही, हे मी शपथेवर सांगेन. काका मूळचे बुलढाण्याकडचे, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. नव्या घरात पाऊल टाकलं की माणसं पडदे बघतात, फरशी बघतात. काका मागचा जिना बघतात. लग्नाच्या हॉलमध्ये शिरताना चपला काढतील त्या तोंड बाहेर करून. नाटकाला कडेची खुर्ची मिळाली नाही तर तिकीट परत करतील. एकदा मुलुंडला एका साखरपुड्यात दोन्हीकडची मंडळी मानपानावरून हमरीतुमरीवर आली, तेव्हा आम्ही सगळे रस्त्यापलीकडे निवांत उसाचा रस पीत होतो, कारण काकांनी आम्हाला आधीच बाहेर काढलं होतं. "तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं. "मुलाच्या मामाने घड्याळ काढून खिशात ठेवलं ना," काका म्हणाले, "मग थांबायचं नसतं."

काकू याच्या अगदी उलट. महापालिकेच्या शाळेत मुलींना गणित शिकवण्यात त्यांचा जन्म गेला. मुलीला भागाकार आल्याशिवाय त्या घरी जायच्या नाहीत, मग शाळेचा शिपाई किल्ल्या वाजवून दमला तरी चालेल. अशा दोन माणसांचा संसार इतकी वर्षं कसा टिकला, हे कोडं आमच्या मजल्यावर कुणाला सुटलेलं नाही.

माझा नवरा तेव्हा अफगाणिस्तानात होता, परदेशी सैन्याच्या एका तळावर भटारखान्याचा मुख्य म्हणून. त्या सैन्याने आता माघारी जावं की राहावं, यावर जगभर खल चालला होता. आमच्याकडे तो दोन उघड्या दारांच्या मधल्या जागेत चालायचा आणि मी उंबऱ्यावर बसून भाजी निवडत ऐकायची.

"ते निघाले की तिथल्या पोरींच्या शाळा बंद," काकू म्हणायच्या.

"वीस वर्षं राहून जे झालं नाही, ते एकविसाव्यात होणार आहे का? दुसऱ्याच्या घरावर पहारा किती दिवस द्यायचा?"

"आणि पहारा उठवला की चोर शिरला तर?"

"चोर घरातलाच असला तर पहारेकरी काय करणार गं?"

"ते राहू दे. त्या घरातल्या पोरींनी काय करायचं, ते सांगा."

यावर काका उठायचे. ते आत जाऊन रेडिओ मोठा करायचे. एकदा या वादाच्या भरात काकू आमटीत मीठ घालायला विसरल्या, आणि काकांनी ती तशीच मुकाट्याने संपवली. दुसऱ्या आघाडीवर लढण्याची त्यांची तयारी नव्हती.

मग सैन्य परत बोलावणार हे नक्की झालं. भटारखाना शेवटपर्यंत चालवायला कुणीतरी हवं होतं आणि माझा नवरा थांबायला तयार झाला. कारण होता तिथला तंदूरवाला. दोघं एका चुलीशी उभे राहून जिवाभावाचे झाले होते. त्याच्या दोन मुली शाळेत जायच्या. "तुम भी जाओगे?" असं त्याने एकदाच विचारलं आणि माझा नवरा कणीक मळत राहिला. मला फोनवर म्हणाला, "अगो, ह्येका सोडून कसा येव?" कोकणातला माणूस, जीव अडकला की थेट मालवणीत शिरतो. मी ते काकूंना सांगितलं.

काकांना कळलं आणि त्यांनी मोहीम उघडली. रोज दुपारी फोन. आधी सल्ला दिला, मग हुकूम सोडला, मग बाजारात बांगडा कसा ताजा आलाय याचं वर्णन सुरू केलं. नवऱ्याने त्यांचा फोन उचलणं बंद केलं, तेव्हा त्यांनी माझा फोन मागून घेतला. आणि त्या दिवशी, आमच्या स्वयंपाकघरात उभं राहून, त्यांनी फोनवर नवऱ्याला कधीच कुणाला न सांगितलेली गोष्ट सांगितली. ते शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत होते. परतीचा हुकूम आला. त्यांचा जोडीदार सामान ताब्यात द्यायला मागे थांबला, काका आधीच्या जहाजाने निघाले. बंदराकडे येताना जोडीदाराची गाडी सुरुंगावर गेली.

"लढाईत गेला असता तर मी त्याच्या आईला काहीतरी सांगितलं असतं," काका म्हणाले. "लढाई संपली होती रे."

मग नवऱ्याने विचारलं, "काका, तंदूरवाल्याला काय सांगू?"

"खरं सांग. तुला बरोबर नेता येत नाही म्हणून सांग. परत येतो, काहीतरी करतो, असलं बोलू नकोस. श्रीलंकेत आम्ही तिथल्या लोकांना बोललो होतो तसं."

नवरा पावसाळ्याच्या तोंडाशी घरी आला. काका मास्क लावून गेटवर उभे होते. "आलास," एवढंच म्हणाले, आणि घरी जाऊन दुपारभर झोपले. ते बरेच दिवस धड झोपले नव्हते, हे मला काकूंनी सांगितलं.

ऑगस्टमध्ये तिथलं सरकार पडलं आणि टीव्हीवर तिथला विमानतळ दिसला. धावत्या विमानामागे पळणारी माणसं दिसली. आम्ही चौघं काकांकडेच होतो. मला वाटलं होतं काका म्हणतील, बघा, मी सांगत होतो. त्यांनी टीव्ही बंद केला आणि काकूंना म्हणाले, "तू बरोबर होतीस."

"मला नव्हतं बरोबर व्हायचं," काकू म्हणाल्या. मग माझ्या नवऱ्याकडे बघत राहिल्या. "पण ह्याला आणलंत. बरं केलंत."

तंदूरवाल्याचा फोन लागत नव्हता. थंडी सरता सरता त्याचा निरोप आला: सब ज़िंदा हैं, बेटियाँ घर में हैं. काकूंनी तो वाचला. "घरात आहेत म्हणजे शाळेत नाहीत," म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी भिंतीला फळा लावून घेतला. तेव्हापासून काकू त्या मुलींसाठी हिंदीत गणित शिकवतात आणि माघारीचे कट्टर पुरस्कर्ते आमचे काका त्याचा व्हिडिओ काढत समोर फोन धरून उभे असतात. मधेच सूचनाही करतात, "सावकाश बोल गं, त्यांची हिंदी सिनेमातली आहे."

आमच्या घरात माझा नवरा जेवून आडवा झालेला असतो. त्याच्याकडे बघताना मला काकांचे आभार मानावेसे वाटतात. एकदा प्रयत्न केला होता, तर ते मागच्या जिन्याने निघून गेले.

पाठवलेल्या धड्यांना उत्तर कधी येतं, कधी महिनेमहिने येत नाही. परवा आलं. धाकटीने सोडवलेल्या भागाकाराचा फोटो होता. काकूंनी चष्मा लावून तो पुन्हा पुन्हा तपासला. काका शेजारी घुटमळत होते.

"चुकलाय का गं?"

"शेवटची पायरी चुकली."

"चुकू दे," काका म्हणाले. "आलं ना."