दाजींचं सुकाणू

आमच्या दाजींनी कुठल्याही कामाला ‘झालं’ असं कधी म्हटलं नाही. सायकलचं पंक्चर काढून चाक बसवलं तरी हात पुसत म्हणायचे, “होत आलंय.” पिंपरीच्या ज्या कारखान्यात ते फिटर होते तिथे त्यांचं हे बोलणं सगळ्यांना पाठ होतं. साहेबसुद्धा आधी वैतागायचे आणि मग हसायचे. अशा माणसानं विमान बांधायला घ्यावं, ही माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या नशिबाची कमालच म्हणायची.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दाजी हवाईदलात होते. लढाई संपल्यावर मोडीत निघालेल्या सामानात त्यांना एक इंजिन मिळालं आणि विमानाचं वेड डोक्यात शिरलं. नोकरी लागून मी चिंचवडला त्यांच्याकडे राहायला आलो, तेव्हा कासारवाडीच्या एका गॅरेजमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन माणसं बसतील एवढ्या विमानाचा सांगाडा उभा होता. पुढे पंखांवर कापड चढलं, इंजिनही धडधडायला लागलं. घोडं अडलं ते शेपटीपाशी.

शेपटीच्या उभ्या लाकडी खांबाला तीन बिजागऱ्यांवर विमान वळवणारं सुकाणू टांगलेलं होतं. माळावर विमान जरा पळवून आणलं, की खालची बिजागरी ढिली झालेली असायची. दाजींनी बोल्ट बदलले, पट्ट्या जाड घेतल्या, लाकडातली भोकं बुजवून नवी पाडली. दर वेळी सुकाणू दोन्ही हातांत धरून हळूच हलवायचे, कान लावायचे आणि पुन्हा पाना उचलायचे. कंटाळून मी एकदा म्हटलं, “दाजी, दाराची बिजागरीसुद्धा थोडी खेळतेच की.”

“दार निखळलं तर आपण जमिनीवर असतोय, राव,” ते म्हणाले.

या नादानं त्यांना जी दिसेल ती बिजागरी हलवून बघायची खोड लागली. माझ्यासाठी तळेगावला मुलगी बघायला गेलो, तर हे कोपऱ्यातल्या कपाटाशी. परतताना मी विचारलं, “मुलगी कशी वाटली?” म्हणाले, “मुलगी चांगली हाय. कपाटाचा वरचा स्क्रू ढिला हाय.” तीच मुलगी मी केली. कपाटाचा विषय आमच्या घरात अजून निघतो.

अक्का मात्र हसायची नाही. विमान हा शब्दही तिच्या तोंडी नसायचा, ‘त्यांचं ते’ एवढंच म्हणायची. पहिल्या उड्डाणाला दाजी स्वतः बसणार हे तिला ठाऊक होतं. चालवणार होते त्यांच्या ओळखीचे पुण्याचे एक जुने वैमानिक, त्यांना सगळे कॅप्टन म्हणत. परवानगीचंही तेच बघत होते. पण त्यांना आसामात नोकरी लागली आणि त्यांनी निरोप धाडला, की दसऱ्याला उडवू, नाहीतर आता होणं नाही.

त्याच संध्याकाळी जेवताना दाजी म्हणाले, “सुकाणूचं झालं. दसऱ्याला उडवायचं.”

अक्कानं परात बाजूला सारली. नंतर मागच्या दारी मला म्हणाली, “इतक्या वर्षांत ह्यांच्या तोंडून हा शब्द ऐकला न्हवता. झालेलं न्हाई ते. दमलेत ते. तू बोल त्यांच्याशी.”

मी बोललो. दाजींनी ऐकून घेतलं आणि ते म्हणाले, “लोक हसायला लागलेत राव. आणखी किती दिवस होत आलंय म्हणायचं?” मी फार घाबरलो होतो.

दसऱ्याच्या सकाळी अर्धा कारखाना माळावर लोटला होता. विमान ढकलत आणलं, झेंडूची माळ घातली, नारळ फुटला. कॅप्टन चढून बसले. दाजींनी जाता जाता सुकाणू हलवलं आणि खालून बारीक टकटक आली. आदल्या दिवशी गच्च बसवलेली बिजागरी, शेडपासून माळापर्यंत ढकलत आणण्यानंच ढिली झाली होती. दाजी खाली वाकले. शेपटी जमिनीवर ज्याच्या आधारानं टेकते, त्या टेकूकडे ते बघत राहिले. तो टेकू सुकाणूच्याच खांबाला जोडलेला होता.

“बिजागरीचा दोष न्हाई,” ते म्हणाले. “जमिनीचा दणका टेकूतनं खांबात जातोय. मी नको तिथं दुखणं शोधत बसलो. सगळी शेपटी नव्यानं करायला लागंल.”

कॅप्टन वरून म्हणाले, “अहो, एक चक्कर मारून उतरू. तेवढ्यात काय होतंय?”

खिशातून पक्कड काढून दाजींनी तिन्ही बिजागऱ्यांच्या खिळी उपसल्या आणि सुकाणू उतरवून खांद्यावर घेतलं. मला हळू आवाजात म्हणाले, “हे हितं ठेवलं तर मीच जाऊन विमानात बसंन.”

कॅप्टन रागानं निघून गेले, ते परत कधी भेटले नाहीत. ते विमान कधी उडालं नाही. नवी शेपटी करण्याची उमेद दाजींमध्ये उरली नाही, आणि पुढे शेडही सोडावी लागली. दाजींना जाऊनही आता खूप वर्षं झाली. त्या दिवशी मात्र आम्ही रस्त्यानं चालत चिंचवडला आलो. “दाजी, शेपूट तेवढं घरी आणलं का?” असं कोणी ना कोणी विचारत होतं. दाजी खाली बघून चालत होते. मला त्या लोकांचा संताप येत होता आणि दाजींचा अभिमान वाटत होता.

अक्का दारात उभी होती. आम्हाला बघताच आत गेली आणि पाण्याचा तांब्या नि भाकरीचा तुकडा घेऊन आली. लांबच्या मुलखातून जिवानिशी परतलेल्या माणसावरून ओवाळतात तसा तिनं तो तुकडा दाजींवरून ओवाळून रस्त्यावर टाकला. त्यांच्या पायांवर पाणी घातलं.

खांद्यावरचं सुकाणू सावरत दाजी म्हणाले, “अगं, मी कुठं गेलोच न्हाई.”

अक्का म्हणाली, “माझ्यापुरते तुम्ही सकाळीच गेला होता.”